नाताळची लाइटिंग अन् आपल्या वावरातली थंडी: संडे स्कूलच्या ताईंना उत्तर

जय ख्रिस्त ताई. तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की नाताळच्या कार्यक्रमात तुम्हाला दहा-पंधरा मिनिटं बोलायचंय, विषय दिलाय 'हिवाळा आणि नाताळचे दिवे', मोबाइलवर शोधलं तर जिकडेतिकडे बर्फ अन् बर्फाचे बाहुले, आणि आपल्याकडे बर्फ दिसतो तो रसवंतीवर नाहीतर लग्नात, मग पोट्ट्यांना सांगायचं काय. आणि वरून मंडळीतले एक काका म्हणाले की लाइटिंग, तारे, झाड हे सगळं विदेशी अन् दिखाव्याचं आहे, बायबलात कुठं लिहिलंय दाखवा. मी यवतमाळ-अमरावतीकडच्या खेड्यांत पाळक म्हणून उभी हयात काढली, आता रिटायर झालोय, वेळ भरपूर आहे आणि बोलायची सवय काही गेली नाही, तेव्हा उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा.

आधी एक सांगतो. थंडीला अर्थ चिकटवायला जाऊ नका. बर्फ पांढरा म्हणून पवित्रता, लाइट चमकते म्हणून येशू, अशा संदेशाला लोक मान डोलावतात, आमेन म्हणतात, अन् घरी जाऊन विसरतात, कारण त्यात त्यांचं काहीच नसते. त्यापेक्षा उलटीकडून सुरू करा. डिसेंबरात तुमच्या गावात थंडी नेमकी कोणाला लागते ते पाहा. तेवढं नीट पाहिलं ना, की दिवा कुठं लावायचा हे वेगळं शोधावं लागत नाही.

आता आपली थंडी. समुद्र लांब, आभाळ साफ, उत्तरेकडून वारा, त्यामुळे दिवसा स्वेटर काढून ठेवावं लागते आणि रात्री दात वाजतात. २०१८ च्या डिसेंबर अखेरीस नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता, आठवत असेल. रात्री ढग नसले की जमिनीनं दिवसभर घेतलेली ऊब सरळ वर निघून जाते, म्हणून ज्या रात्री चांदण्या सगळ्यात जास्त दिसतात तीच रात्र सगळ्यात थंड असते. हे पोरांना जरूर सांगा, त्यांना माहीत असते पण कोणी जोडून दाखवलेलं नसते. आणि शेतकऱ्याला हीच साफ आभाळाची थंडी पाहिजे, गव्हाला फुटवे चांगले येतात, हरभरा मानवतो. आभाळ आलं की हरभऱ्यावर घाटेअळी, तुरीचा फुलोरा गळते, आणि सकाळी धुवारी म्हणजे दाट धुकं बसलं की म्हातारी माणसं तुरीकडं पाहून गप होतात. म्हणजे आपल्या लोकांसाठी थंडी ही शत्रू नाही. ती अंगाला झोंबते पण वावराला लागते. नोहाच्या जलप्रलयानंतर देवानं जे वचन दिलं त्यात (उत्पत्ती ८:२२) पेरणी अन् कापणी, थंडी अन् ऊन, उन्हाळा अन् हिवाळा, दिवस अन् रात्र, पृथ्वी आहे तोवर हे थांबणार नाही असं आहे, त्यात थंडीचं नाव घेऊन उल्लेख आहे. नाताळाच्या कार्यक्रमात हे वचन मी फार कमी वेळा ऐकलं, पण शेतकऱ्यांच्या मंडळीत सुरुवात यानंच करावी असं माझं मत आहे.

मग लूकचा दुसरा अध्याय. मेंढपाळ रानात राहून रात्री कळप राखत होते. तिथं थांबा आणि विचारा, आपल्या गावातून आज रात्री जागलीला कोण जाणार? हात वर होतील बघा. रानडुकरं अन् रोही म्हणजे नीलगाई यांच्यापायी हरभरा-तूर-गहू राखायला लोक मचाणावर जातात, अंगावर घोंगडं, बाजूला पऱ्हाटीची शेकोटी, हातात बॅटरी, मधूनमधून डबा वाजवायचा. दुसरे ते, ज्यांच्या फीडरला लाइन रात्रीची असते, म्हणजे गव्हाला पाणी द्यायला रात्री बारा-एकला उठून ओल्या दांडात उघड्या पायानं उभं राहायचं. तिसरे काठेवाडी, म्हणजे गुजरातकडचे फिरते गुराखी, दरवर्षी पाऊस संपला की ढोरं-मेंढ्या घेऊन येतात, कोणाच्या तरी खाली झालेल्या वावरात मेंढ्या बसवतात खतासाठी, बायका-लेकरं सगळी उघड्यावर. ताई, बाळ जन्मल्याची खबर घेऊन देवदूत पहिल्यांदा गेला तो असल्या लोकांकडे. राजवाड्यात नाही गेला, मंदिरातही नाही गेला, रात्रपाळीवाल्यांकडे गेला. पोरं एरवी मेंढपाळ म्हणजे डोक्याला टॉवेल बांधून हातात काठी घेतलेला नाटकातला पोट्टा समजतात, त्यांना एकदा सांगा की तुझा बाप काल रात्री जे करत होता तेच काम, बस. माझ्या अनुभवात मंडळी इथं जागी होते.

काका हुशार दिसतात, ते म्हणतील २५ डिसेंबर तरी खरी तारीख आहे का. खरं सांगून टाका, बायबलात तारीख नाही. २५ डिसेंबरला नाताळ धरल्याची सगळ्यात जुनी नोंद रोममधली, इसवी सन ३३६ ची आहे. बेथलेहेम साधारण पावणेआठशे मीटर उंचीवर आहे, चिखलदऱ्याहून कमी, पण डिसेंबर-जानेवारी तिकडे पावसाळ्याचे महिने, म्हणून मेंढ्या रात्री बाहेर असतील का असं विचारणारे अभ्यासकही आहेत. रोमी पंचांगात तेव्हा सगळ्यात लहान दिवस २५ डिसेंबरच्या आसपास धरत, म्हणजे तिथून दिवस वाढायला लागते. आपले लोक संक्रांतीला म्हणतात ना दिवस तिळातिळानं वाढते, तसंच काहीसं त्यांच्या डोक्यात असावं असं बऱ्याच जणांना वाटते, पक्का पुरावा मागितला तर वाद आहे. यात फार वेळ घालू नका. तारीख चुकली म्हणून बाळ जन्मलंच नाही असं होत नाही.

बर्फाचं म्हणाल तर बायबलात बर्फ आहे, नाही असं नाही. हर्मोन डोंगरावर पडते, यरुशलेमेत कधीमधी पडते. पातकं लाल असली तरी बर्फासारखी पांढरी होतील हे यशयातलं (१:१८) सगळ्यांना पाठ असते. स्तोत्र १४७ मध्ये देव बर्फ लोकरीसारखं पसरतो अन् दहिवर राखेसारखं उधळतो असं आहे. आणि लहान पोरांसाठी एक मस्त गोष्ट सांगतो जी कोणी सांगत नाही, २ शमुवेल २३:२०, दावीदाचा योद्धा बनाया, यानं बर्फ पडत असताना खड्ड्यात उतरून सिंह मारला. आपल्या टिपेश्वर-ताडोबाकडच्या, वाघाच्या जंगलालगतच्या पोरांना ही गोष्ट एका वेळेत पाठ होते, मात्र तिच्यातून अध्यात्मिक अर्थ काढायच्या भानगडीत पडू नका, गोष्टीसाठी गोष्ट सांगा.

पण खरा माल पुढं आहे. बायबलात थंडी जिथं जिथं येते ना, तिथं बहुतेक वेळा कोणीतरी कुडकुडत असते आणि दुसरा कोणी त्याच्याशी कसा वागला हे लिहिलेलं असते. निर्गम २२:२६-२७ काढा. शेजाऱ्याचं पांघरूण गहाण घेतलं तर सूर्य मावळायच्या आत परत कर, कारण त्याच्याकडं तेवढंच आहे, तो निजेल कशात? असा प्रश्न खुद्द देव विचारतो, आणि पुढं म्हणतो की त्यानं माझ्याकडं हाक मारली तर मी ऐकेन. आता आपल्याकडं गहाण हा शब्द उच्चारला की मंडळीत किती जणांच्या पोटात गोळा येते ते मला सांगायची गरज नाही, कर्जापायी काय काय झालं ते यवतमाळ-वर्ध्याच्या घराघरांनी पाहिलंय. हे वचन सावकारालाही आहे अन् मंडळीलाही. याकोब तर आणखी टोचून बोलतो (२:१५-१६), भाऊ किंवा बहीण उघडी आहे, जेवायला नाही, आणि तुम्ही नुसतं म्हणता सुखानं जा, ऊब घ्या, पोटभर खा, देत मात्र काहीच नाही, तर काय उपयोग. नाताळच्या शुभेच्छांचे मेसेज फॉरवर्ड करताना मला दरवर्षी याकोब आठवते, तरी मी फॉरवर्ड करतोच म्हणा. आणि पौल, एवढा मोठा प्रेषित, तुरुंगातून तीमथ्याला लिहिते की त्रोवसात कार्पाकडं राहिलेला माझा झगा घेऊन ये, पुस्तकं आण, आणि हिवाळ्याच्या आत येण्याचा प्रयत्न कर (२ तीमथ्य ४:१३ आणि २१). म्हाताऱ्या माणसाला थंडी वाजते, एकटं वाटते, हे पवित्र शास्त्रात लिहायला पौलाला लाज वाटली नाही.

शेकोटीवर तर स्वतंत्र संदेश होईल. योहान १८:१८, थंडी होती म्हणून चाकरांनी अन् शिपायांनी कोळशाचा विस्तव केला होता, पेत्र तिथं हात शेकत उभा राहिला अन् तिथंच त्यानं येशूला नाकारलं. मग योहान २१:९, पुनरुत्थानानंतर तळ्याच्या काठी पहाटे परत कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी, बाजूला भाकर, तो विस्तव येशूनं केला होता आणि न्याहारी करायला बोलावलं त्याच पेत्राला. तिसरी मलिता (आजचं माल्टा) बेटावरची, प्रेषितांची कृत्ये २८:२, जहाज फुटून भिजलेल्या लोकांसाठी तिथल्या लोकांनी पाऊस अन् थंडी पाहून शेकोटी पेटवली अन् सगळ्यांना जवळ घेतलं, आणि ते लोक ख्रिस्ती नव्हते बरं, पौलाला ओळखतही नव्हते. आपल्या गावात चौकात पहाटे तुराट्या पेटवून जी शेकोटी असते तिच्याभोवती जात-धर्म पाहून कोणी हात आखडत नाही, निदान थंडी असेपर्यंत तरी. ही तिसरी गोष्ट मला नाताळासाठी फार जवळची वाटते कारण आपल्यापैकी बरेच जण गावात एक-दोन घरं, बाकी शेजार हिंदू, बौद्ध, मुसलमान, आणि अडीनडीला आपल्याला ऊब त्यांनीच दिलेली असते.

आता दिवे. काकांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, विदेशीच आहेत. मिरचीही विदेशीच, पोर्तुगीजांच्या जहाजातून आली, म्हणून सावजी खायचं कोणी सोडलं नाही. वस्तू कुठून आली यापेक्षा ती सुरू कशापायी झाली ते बघा, त्यात काकांना उत्तर सापडेल. आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या दिवसांत, चार मेणबत्त्यांचं जे चक्र लावतात ते योहान हिनरिख विखर्न नावाच्या जर्मन धर्मशास्त्र्यानं सुरू केलं, हँबर्ग शहरात, १८३९ साली. तो गरीब, रस्त्यावरच्या पोरांसाठी एक घर चालवायचा. पोरं रोज विचारायची नाताळ कधी, नाताळ कधी, तर त्यानं गाडीचं एक लाकडी चाक घेतलं अन् त्यावर मेणबत्त्या लावल्या, रोजच्या दिवसासाठी लहान लाल अन् रविवारसाठी मोठी पांढरी, रोज एक पेटवायची. हँबर्गला त्या दिवसांत सूर्य साडेसात तास दिसतो, आपल्याकडं पावणेअकरा तास तरी असतो, म्हणजे अंधार मोजायची गरज त्यांना आपल्याहून जास्त. कागदी तारा पाहा, जर्मनीतच नीस्की गावात मोरेव्हियन नावाच्या प्रोटेस्टंट मंडळीची शाळा होती, तिथं १८३० च्या दशकात भूमिती शिकवताना पोरांकडून कागदाचा तारा करून घेत, त्यातून ती प्रथा निघाली. म्हणजे चक्र गरीब पोरांसाठी अन् तारा गणिताच्या तासाला. विजेच्या माळेचं मात्र काकांच्या बाजूनं जाते, १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनच्या कंपनीतल्या एडवर्ड जॉन्सन यानं आपल्या घरच्या झाडावर लाल-पांढरे-निळे ८० बल्ब लावले, अन् त्यात भक्तीपेक्षा कंपनीची जाहिरात जास्त होती हे मान्य करून टाका. सगळं जिंकायचं नसते.

गोठ्याचा देखावा आसिसीच्या फ्रान्सिसनं १२२३ मध्ये ग्रेच्चो गावात खरं गवत, खरा बैल अन् खरं गाढव आणून केला. लूकात बैल-गाढव नाहीत, फक्त गव्हाण आहे. तुमच्याकडं कोणाचा तरी कोठा असेलच, कुटार असेल, तर थर्माकोल कशाला आणता.

झाडावर कापूस लावतात त्याचंही विचारलं होतं तुम्ही, बर्फ म्हणून लावायचा का. लावा, पण बर्फ म्हणू नका. कापसाच्या देशात राहून कापसाला बर्फ म्हणणं मला जिवावर येते. ज्या पोरांच्या आया सकाळी दव वाळेपर्यंत धुऱ्यावर थांबून मग वेचायला लागतात (ओला कापूस कोण घेते, सीसीआय, म्हणजे कापूस घेणारं सरकारी महामंडळ, ८ टक्क्यांच्या वर ओलावा गेला की भाव कापते अन् १२ च्या वर तर घेतच नाही), किलोप्रमाणे मजुरी घेतात, बोटं बोंडांनी फाटलेली असतात, त्या पोरांना तो कापूस कोणी वेचला ते विचारा. मग लूक २:१२ वाचा, बाळ बाळंत्यात गुंडाळलेलं होतं. ते कापड लोकरीचं होतं का तागाचं हे लूक सांगत नाही, पण कोणीतरी सूत काढलं, कोणीतरी विणलं, तेव्हा देवाच्या लेकराला पहिल्या रात्री ऊब मिळाली. झाडावरचा कापूस तेवढं बोलला तरी पुष्कळ.

दिखाव्याबद्दल माझी मतं जरा कडक आहेत, आवडणार नाहीत कदाचित. मत्तय ५:१५, दिवा लावून कोणी पायलीखाली ठेवत नाही, दिवठणीवर ठेवते, म्हणजे घरातल्या सगळ्यांना उजेड मिळते. यात दिवा दिसावा असं नाहीये, दिव्यानं दुसऱ्यांना दिसावं असं आहे. म्हणून घरावर दहा माळा सोडण्यापेक्षा एक तारा गल्लीच्या वळणावर लावा जिथं खांबावरचा बल्ब गेलेला आहे, हातपंपापाशी लावा, रात्रीची शेवटची एसटी थांबते त्या फाट्यावर लावा, आणि डिसेंबरभर राहू द्या. शेजारी विचारतील हे कशाचं, तेव्हा सांगा. आणि एक, आकडा टाकून लाइटिंग करू नका. हसू नका ताई, मी पाहिलंय, वर बॅनर 'मी जगाचा प्रकाश आहे' आणि खाली तारेवर आकडा. ज्याच्या मीटरवरून घेताय त्याला विचारा, बिल भरा. दिवाळीच्या माळा नाताळला चालतात का असं कोणी विचारलं तर खुशाल चालतात, माळेला धर्म नसते, आणि बोलताना दिवाळीला कमी लेखणारं एक अक्षरही नको.

एक जागा राहिली, योहान १०:२२. यरुशलेमेत मंदिराच्या पुनःसमर्पणाचा सण होता, हिवाळा होता, येशू शलमोनाच्या देवडीत फिरत होता. तो सण यहुदी लोक आजही दिवे लावून करतात. योहानानं दिव्यांचा उल्लेख केला नाही, फक्त 'हिवाळा होता' एवढंच लिहून ठेवलं, पण काकांना निदान एवढं कळेल की थंडी अन् सण येशूला परके नव्हते.

आता कार्यक्रमाचं. दहा-पंधरा मिनिटांत हे सगळं मावणार नाही, निवडा. मी असतो तर उत्पत्ती ८:२२ नं सुरू केलं असतं, मग जागल, मग निर्गममधलं पांघरूण, अन् शेवटी यशया ९:२ पोरांकडून म्हणून घेतलं असतं, अंधारात चालणाऱ्या लोकांनी मोठा प्रकाश पाहिला. शेकोटी पुढच्या रविवारसाठी ठेवा. गावात कोणाच्या वाड्यात बैलगाडीचं जुनं चाक पडलेलं असेल तर ते मागून आणा, विखर्नची गोष्ट सांगायला तेच बरं, पण मेणबत्त्या आऱ्यांवर मातीच्या गोळ्यात बसवा, लाकूड वाळलेलं असते, पेट घेते. कवेलूच्या किंवा टिनाच्या खाली मंडप असेल तर बाजूला बादलीभर पाणी ठेवाच.

ब्लँकेट वाटायची असतील तर २५ तारखेची वाट पाहू नका, थंडी काही नाताळासाठी थांबत नाही. डिसेंबर लागला की द्या, घरी नेऊन द्या, फोटो नको. काठेवाड्यांना विसरू नका, गावच्या यादीत त्यांचं नाव कधीच नसते.

आणि कॅरलचा राउंड. आपण घरोघरी जातो अन् जागलीवाले नेमके तेव्हा वावरात असतात, म्हणजे गोष्टीतल्या मेंढपाळांनाच गाणं ऐकू जात नाही. एक रात्र वावराकडं जा, ढोलकी-टाळ घेऊन, पाच-सहा मोठी माणसं अन् जरा थोराड पोरं, थर्मासमध्ये चहा. नारायण वामन टिळकांची भजनं म्हणा, मोकळ्या रानात ती कॅरलपेक्षा जास्त लागतात. वाघाचा भाग असेल तर हा बेत सोडा, संध्याकाळी उजेड असतानाच धुऱ्यापर्यंत जाऊन या. बाकी ठिकाणी ज्याच्या वावरात जायचं त्याला आधी फोन करून ठेवा, कुंपणाची झटका मशीन तेवढ्या वेळापुरती बंद करायला सांगा, कितीही बजावलं तरी पोट्टे तारेला हात लावून पाहतातच.